बाबा गेले तरी रडू आलं नाही, मी दगड आहे का?

एका वाचकाचं पत्र आलंय, ओळख पटेल असं काही देत नाहीये, मजकूर थोडक्यात सांगते. वय ३७, लग्न झालेलं, पाच वर्षांची मुलगी. अकरा महिन्यांपूर्वी वडील गेले. हॉस्पिटलचं बिल, नातेवाइकांना फोन, नंतरची कागदपत्रं सगळं यांनीच केलं, डोळ्यातून टिपूस आलं नाही आणि सगळे म्हणाले किती खंबीर पोरगा. तेव्हापासून रात्री तीनला जाग येते, पित्त वाढलंय. बायको म्हणते तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, काय वाटतंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, ठीक आहे". लहानपणाबद्दल लिहितात की "कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, फी वेळेवर भरली, आईबाबा दोघंही राबायचे, घरात कधी आवाज चढला नाही. फक्त कोणी कधी काही विचारलं नाही. नववीत वर्गातल्या मुलांनी मला वाळीत टाकलं होतं, दोन महिने कोणी बोलत नव्हतं, पण घरी सांगितलं नाही, कारण असलं काही सांगायची पद्धतच नव्हती आमच्याकडे." मग गेल्या महिन्यात मुलगी सायकलवरून पडली, गुडघा फुटला, तिने बाबाकडे बघितलं, बाबा नुसता उभा. तिने फ्रॉकला डोळे पुसले, "काही नाही झालं" म्हणाली आणि सायकल उचलली. "ताई, ते वाक्य माझं आहे," असं लिहिलंय. शेवटी जाता जाता एक ओळ, की बाबांच्या मोबाईलला मी अजून दर महिन्याला रिचार्ज मारतो, उगाच नंबर बंद पडेल म्हणून. प्रश्न तीन आहेत. मार न खाता, छळ न होता माणूस असा होतो का, की मी आईबापावर उगाच खापर फोडतोय? आईशी याबद्दल बोलू का? आणि या वयात काही वाटायला लागणं शक्य आहे का?

अरे, तू मला ताई म्हटलंयस म्हणून मी सरळ अरे-तुरे करते. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा माझंही लक्ष त्या न आलेल्या रडण्याकडेच गेलं कारण तू तेच सगळ्यात वर लिहिलंयस, तिसऱ्यांदा वाचताना मात्र मी रिचार्जच्या ओळीपाशी थांबले. तिकडे शेवटी येते.

आधी तुझा पहिला प्रश्न, कारण तो सुटल्याशिवाय तू पुढचं काही स्वतःला करूच देणार नाहीस. तू लहानपणाचा हिशोब मांडलायस तो सगळा काय झालं आणि काय झालं नाही असा आहे, मार नाही, उपास नाही, भांडण नाही, म्हणजे सगळं ठीक. पण मार खाल्लेला लक्षात राहतो, त्याचा दिवस आठवतो, वळ आठवतो. जो प्रश्न कोणी विचारलाच नाही त्याची आठवण कुठून येणार? म्हणून तुझ्यासारखी माणसं लहानपण आठवायला बसली की त्यांना काहीच सापडत नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून स्वतःलाच दोषी ठरवतात, की एवढं सगळं मिळून मीच असा कसा. भावनिक दुर्लक्ष म्हणतात ते हेच. हे काही आजाराचं नाव नाही आणि आईवडिलांवरचा आरोपही नाही, एका लहान मुलाला काय मिळालं नाही त्याचं वर्णन आहे फक्त. तुला सांगते, नववीतलं ते पत्रात वाचताना मला कशाने गलबललं, वाळीत टाकण्याने नाही, ते पोरं करतात, वाईटच असतं. दोन महिने एक चौदा वर्षांचं पोर रोज संध्याकाळी घरी येत होतं, जेवत होतं, अभ्यासाला बसत होतं आणि घरातल्या दोन प्रेमळ माणसांपैकी एकालाही त्याचा चेहरा बघून "काय रे, काय झालं?" विचारावंसं वाटलं नाही, याने.

यावर एक जुना प्रयोग आहे, १९७० च्या दशकातला, एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा एकदम कोरा करते, बाळाकडे बघत राहते पण कशालाच प्रतिसाद देत नाही. रागावत नाही, मारत नाही, खोलीतून जातही नाही. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, हातपाय झाडतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडकुंडीला येतं. आता प्रयोगात आई लगेच पुन्हा नेहमीसारखी होते आणि बाळाला जवळ घेते, त्यामुळे दोन-चार मिनिटांवरून आख्ख्या बालपणाचं अनुमान काढायचं नसतं हे मलाही कळतं. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, मुलाला त्रास व्हायला छळच लागतो असं नाही, समोरचा चेहरा रोज रोज कोरा राहिला तरी पुरतं.

दुसरी एक गोष्ट मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामातली. त्यांनी साधारण वर्ष-दीड वर्षाच्या बाळांना बघितलं, आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते तेव्हा बाळ काय करतं. काही बाळं रडून आईला बिलगतात. काही मात्र मान वर करून बघतही नाहीत, खेळण्यातच गुंग. किती शहाणं बाळ, किती समजूतदार! पण नंतर संशोधकांनी अशा शांत बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते चांगलेच वाढलेले निघाले. आत सगळं चालू होतं, बाहेर दाखवायचं नाही एवढंच शिकलेलं होतं, तेही बोलता यायच्या आधी.

आता तुझं रात्री तीनला जागं होणं आणि ते पित्त वाच परत. (पित्तासाठी डॉक्टरकडे जाच, सगळं मनावर ढकलून मोकळं होऊ नकोस.) पण तू लिहिलंयस बाबा गेल्यापासून. म्हणजे अकरा महिने तुझं शरीर काहीतरी सांगतंय आणि तू त्याला "काही नाही, ठीक आहे" म्हणतोयस. हा दगड नाही रे. दगडाला तीनला जाग येत नाही. तुला वाटतं, पण ते वाटणं शब्दांपर्यंत येण्याची वाट लहानपणीच बुजलीये. भावना ओळखता न येणं, तिला शब्द न सापडणं याला मानसशास्त्रात अलेक्सिथायमिया म्हणतात, पीटर सिफनियोस या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात हा शब्द आणला, ग्रीक शब्दांवरून, अर्थ साधारण "भावनेला शब्द नाहीत". हाही आजार नाही, माणसाचा एक गुण म्हण, कमी-जास्त प्रमाणात असतो. मी तुझ्यावर शिक्का मारत नाहीये, एवढंच सांगतेय की तुझ्यासारखे इतके आहेत की त्याला नाव पडलंय.

एक मात्र तपासून घे. आधी गाण्यात, मित्रांत, कामात मजा वाटायची आणि आता गेल्या काही महिन्यात तीही गेली, भूक, झोप, ताकद सगळं उतरलं, सकाळी उठावंसंच वाटत नाही, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर वेगळा आणि चांगला उपचार आहे. थायरॉईड कमी असला तरी माणूस मंद पडतो, ती साधी रक्ताची तपासणी असते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशा गोळ्या घेत असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला हे असंच्या असं सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

आता तुझा तिसरा प्रश्न, या वयात वाटायला शिकण्याचा. तुझ्या डोक्यात असं आहे की एक दिवस बाबांसाठी ढसाढसा रडू येईल आणि मग मी बरा झालो असं ठरेल. ही परीक्षा तू स्वतःला लावलीयेस ती आधी काढून टाक. बापाचा मृत्यू हा पहिला धडा नसतो, तो शेवटच्या पुस्तकातला आहे. सुरुवात इतक्या छोट्या गोष्टीपासून करायची असते की तुला ते फालतू वाटेल.

माझंच सांगते. मी तेहतीस वर्षांची असताना पहिल्यांदा थेरपिस्टकडे गेले. त्यांनी विचारलं, पाणी गरम देऊ की साधं? मी म्हटलं, काहीही चालेल. बाई ग्लास हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, शांतपणे, माझ्याकडे बघत. मला इतकं अवघडायला झालं, वाटलं यांना उशीर होतोय माझ्यामुळे, पटकन काहीतरी सांगून टाकावं. आणि मग जाणवलं की माझा घसा दुखतोय. सकाळपासून दुखत होता! मी गरम म्हटलं. त्या दिवशी बाकी काय बोललो ते मला आज आठवत नाही, पण तो घसा आठवतो.

तर तू दोन आठवडे "काहीही चालेल" आणि "तुम्ही ठरवा" ही दोन वाक्यं बंद कर. खिडकी उघडी हवी की बंद, आत्ता जेवायचं की अर्ध्या तासाने, हा शर्ट की तो. उत्तर सापडलं नाही तर "थांब, बघून सांगतो" म्हण आणि खरंच बघ. आवडनिवड ही भावनेचीच धाकटी भावंडं आहेत, ती आधी परत येतात, आणि मला विचारशील तर बाकी काही जमलं नाही तरी हे एक कर.

दुसरं, दिवसातून दोन-तीनदा, ऑफिसात बसल्या बसल्या पण चालेल, स्वतःला विचार की शरीरात आत्ता कुठे काय आहे. का आहे ते विचारायचं नाही, "का" म्हटलं की तुझं हुशार डोकं लगेच वकिली सुरू करेल. फक्त कुठे. जबडा आवळलाय, खांदे वर चढलेत, पोटात गोळा, छातीवर वजन, हात गार. फिनलंडमधल्या संशोधकांनी एक छान काम केलंय, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं, ७०० च्या वर माणसांना शरीराच्या चित्रात रंग भरायला लावले की राग आला की कुठे जाणवतं, दुःख झालं की कुठे, आणि माणसं वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या भाषांची असूनही चित्रं बरीचशी सारखी आली, राग छातीत आणि हातात, दुःखात हातपाय गळालेले. म्हणजे शब्द सापडत नसेल तर जागेवरून माग काढता येतो. नोंद केल्यावर एक शब्द लावून बघ, चुकीचा लागला तरी हरकत नाही. राग, भीती, दुःख, लाज, आनंद, एकटेपणा, एवढे सहा पुरे झाले सुरुवातीला. "बोअर झालं", "टेन्शन आहे", "डोकं फिरलंय" हे शब्द तू वापरत असशील तर त्यांच्याखाली या सहांपैकी कोण बसलंय ते बघायचं.

लिहिण्याचा उपायही आहे, जेम्स पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अभ्यासलेला, सलग तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल, कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. काहींना फार उपयोग होतो, काहींना थोडा, आणि लिहिल्या लिहिल्या बऱ्याच जणांना आधी जडच वाटतं. तू बाबांवर लिहू नकोस आत्ता. नववीतल्या त्या दोन महिन्यांवर लिही, शाळा सुटल्यापासून घराच्या दारापर्यंत चालताना काय काय व्हायचं ते.

आणि एक आधीच सांगून ठेवते कारण इथे बरेच जण घाबरून सोडून देतात. पायावर बसून पाय बधिर झाला की तो जागा होताना आधी मुंग्या येतात, बरं नाही वाटत, नकोसं वाटतं. तसंच याचं आहे. वाटायला लागलं की पहिल्यांदा आनंद येईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. बहुतेकांना आधी चिडचिड येते, मग राग, तोही भलत्याच माणसावर, कधी नुसता प्रचंड थकवा. एखादी फडतूस जाहिरात बघून डोळे भरतील आणि बाबांच्या फोटोसमोर काहीच होणार नाही. हे सगळं वाट मोकळी होत असल्याचं लक्षण आहे. मात्र आठवणी अंगावर येऊन झोपच उडाली, धाप लागायला लागली, आपण आपल्या शरीरात नाही असं वाटायला लागलं, पिणं वाढलं, किंवा जगू नये असा विचार आला तर एकट्याने हे पुढे नेऊ नकोस, तिथे थांबायचं आणि लगेच मदत घ्यायची.

तशीही थेरपी तुला उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण जी गोष्ट माणसाच्या चेहऱ्यासमोर बिघडली ती माणसाच्या चेहऱ्यासमोरच जास्त चांगली दुरुस्त होते. पहिल्या दिवशी काय बोलू याची चिंता नको, "मला काही वाटत नाही आणि माझ्या मुलीने माझं वाक्य म्हटलं" एवढं पुरेसं आहे. विचारून घे की तुम्ही भावना ओळखण्यावर, लहानपणच्या नात्यांवर काम करता का. तीन-चार वेळा जाऊन बघ, नाही जमलं तर दुसऱ्याकडे जा, त्यात कोणाचा अपमान नाही. आणि एक होईल बघ, तू तिथेही शहाणा मुलगा होशील, वेळेवर जाशील, सांगितलेलं करशील, थेरपिस्टला त्रास नको म्हणून "बरं वाटतंय" म्हणशील. हे झालेलं लक्षात आलं की तेच तिथे बोलून दाखव.

आईचं. बोल, पण आत्ता लगेच नको, आणि निकाल लावायला तर नकोच. तू जाऊन म्हणालास की तुम्ही मला कधी काही विचारलं नाही, तर ती म्हणेल काय कमी केलं रे तुला, आणि तिच्या बाजूने ते शंभर टक्के खरं असेल. मग तू गप्प होशील, अपराधी वाटून घेशील, आणि जे नववीत झालं तेच परत होईल. त्यात तिचाही नवरा गेलाय अकरा महिन्यांपूर्वी. त्यापेक्षा तिला तिचंच विचार, आई तू लहानपणी रडलीस की तुला कोण जवळ घ्यायचं? आणि उत्तर ऐक. कदाचित ती म्हणेल, रडायला वेळ कुठे होता आम्हाला. कदाचित विषय बदलेल. तिने कबूल केलं, माफी मागितली तरच मला बरं वाटेल अशी अट घालून जाऊ नकोस कारण मग तुझी किल्ली पुन्हा तिच्याच हातात जाते. खापर फोडतोय का विचारलंस ना? ते दोघं तुझ्यासाठी राबले हेही खरं आणि तू त्या घरात एकटा होतास हेही खरं. एक खरं ठरवायला दुसरं खोटं पाडावं लागत नाही. त्यांच्याबद्दल माया ठेवून, तुला जे मिळालं नाही त्याचं वाईट वाटून घ्यायचा तुला हक्क आहे. माफ करायलाच पाहिजे असंही काही नाही, ते ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या वेळेला.

बायकोला हे पत्र दाखव, म्हणजे तू मला लिहिलेलं. "काही नाही" ऐवजी "काहीतरी आहे पण काय ते मला कळत नाहीये" एवढा बदल केलास तरी तिला भिंतीत दार दिसेल. आणि तिला सांग की मला लगेच उत्तर येत नाही, रात्री विचारलंस तर सकाळी सांगेन, पण सांगेन. मग सकाळी सांगच.

आता लेक. तुला भीती आहे की झालं, मीही तेच केलं, आता ती माझ्यासारखी होणार. ज्या ट्रॉनिकचा प्रयोग वर सांगितला त्यांच्याच कामातून पुढे हेही दिसलं की चांगल्या, प्रेमळ आई आणि बाळांचेही सूर सारखे जुळलेले नसतात, बराच वेळ चुकतातच, फरक पडतो तो चुकल्यावर परत जुळवून घेण्याने. म्हणजे तू त्या दिवशी नुसता उभा राहिलास याने काही संपलं नाही. महिना झाला असला तरी परत जा. ती खेळत असेल तिथे जमिनीवर बस, तिच्या उंचीला, आणि म्हण, "तू सायकलवरून पडलीस ना त्या दिवशी, मी नुसता बघत राहिलो. तुला लागलं होतं. मी जवळ यायला हवं होतं." बास. ती कदाचित "हां" म्हणून खेळायला लागेल, तुला वाटेल काही उपयोग झाला नाही. होतो. पुढच्या वेळी पडली की "काही नाही झालं, शूर आहे माझी बाय" म्हणू नकोस, आधी जवळ जा आणि "आई गं, लागलं ना?" एवढं म्हण, मग थांब, ती रडली तर रडू दे, लगेच गप्प करायची, हसवायची घाई नको. आणि तुला आतून त्या क्षणी काही भरून आलं नाही तरी चालेल, खोटं काही आणू नकोस, मुलांना ते कळतं. तू जवळ बसलायस, तुझं लक्ष तिच्या गुडघ्याकडे आहे, फोन खिशात आहे, याने तिचं काम होतं. तुझं वाटणं मागून येईल, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना ते मुलांच्या जवळ बसता बसताच आलंय.

आता तो रिचार्ज. तू लिहिलंयस उगाच, नंबर बंद पडेल म्हणून. अरे त्या नंबरवर आता कोणाचा फोन येणारे? कोणाला लागतो तो नंबर? तरी अकरा महिने दर महिन्याला, न विसरता, तू तो चालू ठेवलायस. ज्याला काही वाटत नाही तो माणूस हे करत नाही. तुझं रडणं आहे ते, फक्त ते डोळ्यातून न येता तुला जी भाषा घरात शिकवली त्या भाषेत आलंय, वेळेवर पैसे भरण्याच्या. तुझ्या बाबांनी फी वेळेवर भरली, तू त्यांचा रिचार्ज वेळेवर भरतोस. त्यांनाही कदाचित तेवढंच बोलता येत होतं.

पुढच्या महिन्याची तारीख आली की घाईघाईत ऑफिसातून मारू नकोस. घरी ये, तो फोन कपाटातून काढ, हातात घे, दोन मिनिटं बस. कुठे काय होतंय शरीरात तेवढं बघ, घसा, छाती, हात. काही नाही जाणवलं तर नाही, रिचार्ज मार आणि ठेवून दे, पुढच्या महिन्यात परत. आणि लेकीचं काय झालं ते मला नक्की लिही, ती काय म्हणाली ते तिच्या शब्दात.